वीस तारखेनंतरचा महिना

तुमच्या ग्रुपमध्ये वीस तारखेनंतर कोण कोण गायब होतं, कधी नीट बघितलंय? एक तारखेला कट्ट्यावर सगळ्यात मोठ्याने हसणारा, पंधरापर्यंत प्रत्येक प्लॅनला 'चल ना' म्हणणारा आणि वीसनंतर अचानक 'असाइनमेंट आहे रे', 'आज पोट ठीक नाही', 'मी जेवूनच आलोय' असं सांगायला लागणारा एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. बऱ्याच ग्रुपांत तर निम्मे जण तसे असतात. फक्त प्रत्येकाला वाटत असतं की हे आपल्या एकट्याचंच आहे.

बचतीवरच्या रील्स या मुलांसाठी नसतातच. 'रोजची कॉफी सोडा आणि वर्षाला इतके हजार वाचवा' हे ऐकायला छान आहे, पण जो कॉफी पीतच नाही, कटिंगवर भागवतो, त्याने काय सोडायचं? मी मूळची बार्शीची. पुण्यात मास कॉम करता करता तीन खोल्या आणि दोन मेस बदलून झाल्या. आता इंटर्नशिपचं थोडंफार मानधन येतं, पण हिशोबाची वही सुटलेली नाही. या वहीत डोकावून जे दिसलं आणि आजूबाजूच्या हॉस्टेल-पीजीवाल्यांकडून जे कळलं, ते इथे मांडतेय. थोडी आकडेमोड आहे, कंटाळू नका. आकडेच इथे मजेशीर आहेत.

स्वस्त दर कुणाला मिळतो?

मेसचंच घ्या. आमच्या मेसमध्ये दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला तीन हजार. म्हणजे साठ जेवणं, एक ताट पन्नास रुपयांना. त्याच मेसमध्ये, त्याच काकूंच्या हातचं, तेच ताट 'गेस्ट' म्हणून रोख पैसे देऊन खाल्लं तर नव्वद. आता ज्याच्याकडे एक तारखेला एकदम तीन हजार नाहीत, घरून पैसे दोन-तीन हप्त्यांत येतात, तो काय करतो? रोज नव्वदचं ताट घेतो. तीन हजारांत त्याची तेहतीस जेवणं होतात. उरलेल्या सत्तावीस वेळा तो वडापाव खातो किंवा 'जेवून आलोय' म्हणतो.

म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच ताट महाग. हे फक्त मेसपुरतं नाही. रेल्वेचा पास बघा. तिमाही पासाचे पैसे मासिक पासाच्या तिप्पट नसतात, २.७ पट असतात. दहा टक्के वाचतात, म्हणजे नव्वद दिवसांत नऊ दिवस फुकट. डोंबिवलीहून, वसईहून किंवा तळेगावहून रोज लोकलने कॉलेजला येणाऱ्यांसाठी ही चांगली रक्कम आहे. (जाता जाता एक गंमत. सहामाही पास ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट असतो. म्हणजे तिथेही बचत दहाच टक्के. त्यामुळे वर्षाचे पैसे एकदम अडकवायची गरज नाही, तिमाहीवर काम भागतं.) कॉलेजकडून कन्सेशनचा फॉर्म घेतला की विद्यार्थ्यांना पास निम्म्या पैशांत मिळतो, हे मुंबईकरांना पाठ असतं. तरीही बरेच जण मासिकच काढतात. कारण विचारलं तर उत्तर एकच, 'एवढे एकदम नव्हते.'

आई-बाबांची आवडती म्हण आहे ना, अंथरूण पाहून पाय पसरावे? बरोबर आहे. पण अंथरूण हप्त्याहप्त्याने येत असेल तर पाय किती पसरायचे हे कळणार कसं?

यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय कुठल्या फायनान्सच्या पुस्तकात सापडला नाही. तो तुमच्या घरी आधीपासून आहे. भिशी. आई, मावशी, शेजारच्या काकू दर महिन्याला जमतात, पैसे काढतात, चिठ्ठी उचलतात, ती भिशी. आमच्या फ्लॅटवर आम्ही सहा जणी. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकी पाचशे काढतो. ज्या मुलीची पाळी, तिला तीन हजार एकदम मिळतात. व्याज नाही, नफा नाही, सहा महिन्यांत प्रत्येकीला आपलेच पैसे परत. पण एकदम मिळतात, हा सगळा खेळ आहे. कुणी त्यातून मेसचे पैसे आगाऊ भरते, कुणी परीक्षेचा फॉर्म, एकीने चष्मा केला. आम्ही चिठ्ठी टाकत नाही. जिला त्या महिन्यात खरी गरज, तिने आधी सांगायचं आणि बाकीच्यांनी 'का' विचारायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही करणार असाल तर एकच काळजी घ्या. ज्यांच्यासोबत राहता, ज्यांचं घर ठाऊक आहे, त्यांच्यासोबतच करा. मित्राच्या मित्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची 'डबल रिटर्न भिशी' म्हणजे भिशी नव्हे, ती भलतीच गोष्ट आहे.

पास काढायच्या आधी

पुण्यात आल्या आल्या सगळे सांगतात, 'पीएमपीचा पास काढून टाक.' थांबा, आधी हिशोब करा. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट १० रुपये झालं, पाच ते दहापर्यंत २०. विद्यार्थ्यांचा मासिक पास मात्र ७५० वरच राहिला. महिन्याचे कॉलेजचे दिवस साधारण चोवीस धरा.

कॉलेज चार किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वीस, महिन्याचे ४८०. पास ७५० चा! इथे पास काढणं म्हणजे चक्क तोटा. त्यातही परत येताना पायी आलात तर २४० वर भागतं, आणि संध्याकाळी चार किलोमीटर चालायला पाऊण-एक तास लागतो. कॉलेज आठ किलोमीटरवर असेल तर रोजचे चाळीस, महिन्याचे ९६०. इथे पास हवाच. आणि कॉलेज जवळ असलं तरी क्लास, लायब्ररी, पार्टटाइम काम असं दिवसभर फिरणं असेल, तर पुन्हा पास. ज्या दिवशी चार ठिकाणी जायचंय त्या एका दिवसापुरता ७० रुपयांचा दैनिक पास आहेच. मेट्रोवाल्यांसाठी 'एक पुणे विद्यार्थी पास' नावाचं कार्ड आहे, त्यावर भाड्यात ३० टक्के सवलत मिळते. मेट्रोने रोज जाणाऱ्या किती जणांच्या खिशात ते आहे, हे तुमच्याच वर्गात विचारून बघा.

हाच हिशोब खोली घेतानाही लावा. लांबची खोली आठशे रुपयांनी स्वस्त म्हणून घेतली आणि त्यासाठी साडेसातशेचा पास काढावा लागला, तर महिन्याला वाचले पन्नास. त्या बदल्यात रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये. शिवाय रात्री उशीर झाला की रिक्षा. त्या पन्नास रुपयांचं काय करणार?

शेअर रिक्षाबद्दल मी काही सांगणार नाही, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

पोटावर काटकसर नको

इथे मात्र मला थोडं गंभीर व्हायचंय. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना भेटा. एक वेळचं जेवण लावलंय आणि दुसऱ्या वेळी चहा-बिस्किट, असं सांगणारे तुम्हाला सहज भेटतील. ते हे अभिमानाने सांगत नाहीत, पण तक्रार म्हणूनही सांगत नाहीत. 'तेवढीच बचत' असं म्हणतात. अशक्तपणा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, मग डॉक्टरची फी आणि औषधं. सहा महिन्यांत वाचवलेलं एका तापात जातं. माझ्या मते जेवण हा खर्चाच्या यादीतला असा रकाना आहे की जिथे फक्त 'कसं' बदलायचं, 'किती' नाही.

'कसं' मध्ये भरपूर जागा आहे. ॲपवरून मागवलेल्या मिसळीचं बिल एकदा पूर्ण वाचा. हॉटेलात आहे त्यापेक्षा मेन्यूतली किंमतच अनेकदा जास्त, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी, वर जीएसटी, वर प्लॅटफॉर्म फी. ही फी २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू झाली होती, आता दोन आकडी झालीये आणि आपल्याला कळलंही नाही. मिसळ खाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पायात चपला घाला आणि जाऊन खा. तर्री परत मागता येते, हा फायदा वेगळाच.

गावाकडून येणारा डबा तर सोनं आहे. आमच्याकडे बार्शी-सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी, लातूर-नांदेडवाल्यांकडे धपाटे, कोल्हापूरवाल्यांकडे कांदा-लसूण मसाला, विदर्भातल्या मैत्रिणीकडे पापड-कुरडयांचं अख्खं पोतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती आईने दिलेली पिशवी पहाटे थंडीत स्वारगेटला किंवा हडपसरला जाऊन घ्यायची, हा पुण्यातल्या हजारो मुलांचा ठरलेला कार्यक्रम आहे. मेसची भाजी पातळ असली की ही चटणी कामाला येते. भाजलेले फुटाणे, गूळ-शेंगदाणे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ. यातल्या बऱ्याच गोष्टींना शेगडी लागत नाही, फ्रिज लागत नाही, आणि मालकीणबाईंची परवानगीही लागत नाही.

आणि अगदीच अडलं तर? राज्य सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. केंद्र जवळ आहे का, चालू आहे का, हे आधी बघून ठेवा. तिथे रांगेत उभं राहायला लाज वाटते, असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं. याच पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी सात दिवस सात घरी 'वार लावून' जेवायचे आणि माधुकरी मागून शिकायचे. त्यांच्यापैकी किती जण पुढे मोठे झाले, त्याचे धडे आपण शाळेत वाचलेत. मग दहा रुपये देऊन घेतलेल्या ताटाची लाज कसली?

टीटीएमएम म्हणायला शिका

आता येऊ कॉन्ट्रीवर. सहा जण हॉटेलात गेलात. चौघांनी पनीर, नान, मॉकटेल घेतलं, एकाने फक्त डोसा आणि एकीने फक्त चहा. बिल आलं १८००. कुणीतरी मोबाइल काढतो, 'प्रत्येकी तीनशे.' चहावाली मुलगी काही बोलत नाही. यूपीआयचा 'टुंग' आवाज होतो. त्या मुलीचा आठवडा गेला.

पुढच्या वेळी ती येणार नाही. तिला पोट दुखेल.

माझं निरीक्षण असं की वीस तारखेआधी पैसे संपण्याचं मोठं कारण उधळपट्टी नसतं, संकोच असतो. 'मला परवडत नाही' ही तीन शब्दांची गोष्ट आपल्याला सांगता येत नाही. ब्रेकअप झालं हे स्टेटसला टाकतो, बॅकलॉग लागला हे हसत हसत सांगतो, पण खिशात दोनशे रुपये आहेत हे जवळच्या मित्राला सांगायला जीभ रेटत नाही. लोक चिंगूस म्हणतील याची भीती. पण चिंगूस तो, ज्याच्याकडे असून जो देत नाही. ज्याच्याकडे नाहीच, त्याला तो शब्द लागू पडत नाही.

यावर आपल्याकडे सुंदर मराठी शोध आहे, टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. बिल आल्यावर हे म्हणायला अवघड जातं, म्हणून हॉटेलात शिरायच्या आधी, प्लॅन ठरतानाच म्हणायचं. आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने ते आधी म्हणावं. हे माझं ठाम मत आहे. ज्याला अडचण आहे त्याने दरवेळी धाडस का करायचं? तुमच्याकडे जरा बरे पैसे असतील, तर 'आज टीटीएमएम हं' हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की बाकीच्या चार जणांचा श्वास मोकळा होतो. वाढदिवसांचंही तसंच. वीस जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या केक आणि गिफ्टचे शंभर-शंभर काढलेत, तर वर्षाला प्रत्येकाचे जवळपास दोन हजार जातात. आमच्या वर्गाने यंदा महिन्याला एकच केक ठरवला, त्या महिन्यातल्या सगळ्यांचा मिळून. एका महिन्यात चार जण असतील तर चौघांनी मिळून कापायचा. फोटोत गर्दी जास्त दिसते, एवढंच.

घरी जायचंय

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खासगी ट्रॅव्हल्सचे दर ॲपवर बघा आणि डोकं धरून बसा. खरं तर २०१८ च्या शासन निर्णयानुसार एसटीच्या त्याच प्रकारच्या बसचं जे भाडं असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी बसला घेता येत नाही. जास्त घेतलं तर आरटीओकडे तक्रार करता येते. तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि बसचा नंबर जपून ठेवा.

पण त्या वाटेला जावंच लागू नये, हे बरं. मुलींनो, एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तरीही कितीतरी मैत्रिणी 'एसटी हळू जाते' म्हणून ट्रॅव्हल्सला तिप्पट पैसे मोजतात. मुलांसाठी महामंडळाने जुलै २०२५ पासून वेगळी सोय जाहीर केली. दीडशे किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचं आगाऊ आरक्षण केलं तर पूर्ण तिकिटावर १५ टक्के सूट. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्यातून वगळलीय. आणि गावाहून तालुक्याच्या कॉलेजला रोज एसटीने येणाऱ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे फक्त एक तृतीयांश पैसे. ग्रामीण भागातल्या कॉलेजांचे वर्ग या एका पासावर भरलेले असतात म्हटलं तरी चालेल.

रेल्वेची गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी रेल्वेने बऱ्याच सवलती बंद केल्या. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तेव्हा गेली ती परत आली नाही. विद्यार्थ्यांची मात्र राहिली. सुट्टीत आपल्या गावी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी सेकंड क्लास आणि स्लीपरच्या मूळ भाड्यात ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत मिळते. मग घेत का नाहीत कुणी? कारण ती मोबाइलवर मिळत नाही. कॉलेजच्या ऑफिसमधून प्राचार्यांच्या सहीचा कन्सेशन फॉर्म घ्यायचा, तो घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं. कॉलेजचं ऑफिस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. 'उद्या या', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', 'फॉर्म संपलेत'. त्यात तत्काळ तिकिटावर ही सवलत चालत नाही, उलट स्लीपरला मूळ भाड्याच्या ३० टक्के जादा लागतात, कमीत कमी शंभर रुपये. म्हणजे उशीर झाला की दोन्हीकडून मार. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. दिवाळी कधी आहे हे कॅलेंडरवर आहेच. साठ अधिक ऑफिसमधल्या चकरांचे पंधरा, असे पंचाहत्तर दिवस आधी कामाला लागा. मी थट्टा करत नाहीये.

स्टेशनवर जनरल डब्यांच्या समोर स्वस्त जेवणाचा स्टॉल असतो, वीस रुपयांत पुरी-भाजी-लोणचं मिळतं. रेलनीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून पंधराची चौदा झाली. एक रुपया सुटा परत मागायला विसरू नका. किंवा घरूनच बाटली भरून घ्या.

सगळ्यात मोठा आकडा

वरचे सगळे हिशोब शेकड्यातले आहेत. हजारातले हिशोब मात्र एका कंटाळवाण्या वेबसाइटवर आहेत, महाडीबीटी. दहा-दहा रुपये वाचवणारी मुलं फॉर्मची शेवटची तारीख चुकवतात, तेव्हा वाईट वाटतं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत जेवण, राहणं आणि किरकोळ खर्च मिळून वर्षाला ६० हजार रुपये. अटी आहेत, कागदपत्रं आहेत, आणि पैसे दर महिन्याला येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर एक तारखेचं भाडं ठरवू नका. पण ६० हजार म्हणजे आमच्या मेसचे वीस महिने. उत्पन्नाचा दाखला काढायला सुट्टीत घरी गेल्यावरच तहसीलमध्ये चक्कर मारून या. ऐन वेळी सेतू केंद्रावर किती गर्दी असते ते गेलेल्यांना विचारा.

शिवाय पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे. शिकता शिकता कॉलेजातच तासावर काम, त्याचं मानधन. या कल्पनेमागे कर्मवीर भाऊराव पाटलांचा वारसा आहे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलांना श्रम करत शिकवलं. यात श्रीमंत कुणी होत नाही. पण लायब्ररीत काम मिळालं तर पुस्तकं हाताशी असतात, आणि आप्पा बळवंत चौकातल्या सेकंडहँड पुस्तकांचेही पैसे वाचतात.

ज्या आकड्यापासून लांब राहायचं तो मात्र मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो. इन्स्टंट लोन. समजा ॲपने दोन हजारांचं कर्ज दिलं, 'प्रोसेसिंग'चे तीनशे आधीच कापले आणि आठवड्याने दोन हजार परत मागितले. तुमच्या हातात आले सतराशे. म्हणजे एका आठवड्याला सतरा टक्क्यांहून जास्त. गावचा सावकारही लाजेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाचा वार्षिक दर आणि सगळे आकार एका कागदावर आधी स्पष्ट दाखवावे लागतात. तो कागद दिसत नसेल तर ॲप काढून टाका. कॉन्टॅक्ट्स आणि फोटोंची परवानगी मागत असेल तर त्याहून लवकर काढून टाका. त्यापेक्षा मेसच्या काकूंना 'पाच दिवस थांबाल का' असं विचारा. बहुतेक काकू थांबतात. त्यांनी तुमच्यासारखे कितीतरी बघितलेत.

आणि तरीही फिरायचंय

हिशोब हिशोब करताना मजा सोडायची, असं कुणीही सांगितलेलं नाही. पुणेकरांनो, पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. तिकीट वडापावच्या भावाच्या आसपास. तिथून चालत भाजे गाव, वर भाजे लेणी आणि पुढे लोहगड. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं त्यात लोहगड आहे. म्हणजे जागतिक वारसा, लोकलच्या तिकिटात! गटाने ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्या पेट्रोलचा हिशोब, पार्किंग, 'कोण कुणाच्या मागे बसणार' हे सगळं टळतं. सिंहगडला जायचं तर पायथ्यापर्यंत पीएमपी आहेच. पिठलं-भाकरी वर खा, पण पाणी खालूनच न्या.

लांब जायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एकदाच पैसे भरायचे आणि हवं तिथे चढायचं, हवं तिथे उतरायचं. सातारा, कोल्हापूर, तिथून घाट उतरून मालवण, असं करता येतं. रात्रीच्या बसमध्ये झोपलात तर एका मुक्कामाचं भाडं वाचतं. (पाठीचं काय होतं ते सकाळी कळतं.) रेल्वेने जाणार असाल तर मोठ्या स्टेशनांवर डॉर्मिटरीची खाट तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होते. यूथ हॉस्टेलचं सदस्यत्व घेतलंत तर त्यांच्या वसतिगृहांत स्वस्तात राहता येतं. मंदिरांची भक्तनिवासं स्वच्छ आणि स्वस्त असतात, जरूर राहा. पण प्रसादाच्या पंगतीला 'फ्री फूड हॅक' म्हणून रील करणाऱ्यांच्या नादी लागू नका. जेवलात तर बसलेल्या चार जणांना वाढा, ताट उचला.

आमच्या फ्लॅटची मळवली या महिन्यात ठरलीय, आणि मुद्दाम पंचवीस तारखेनंतरची ठरलीय. धपाटे लातूरवाली आणणार, चटणी माझी. परतीच्या लोकल दुपारी कमी असतात, त्यामुळे तुम्ही जाणार असाल तर वेळापत्रक बघूनच गड उतरायला लागा.